वतन आणि कृपादान : बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात मराठी ख्रिस्ती गायनाचा विचार

१

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘कृपादान’ ह्या संज्ञेला विशेष महत्त्व आहे. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’ असा असून तो ‘खारिस’, म्हणजे कृपा, ह्या शब्दापासून साधलेला आहे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘कृपादान’ हा सामासिक शब्द योजिला आणि तो मराठी ख्रिस्ती समाजात रूढ झाला. कर्तृत्वाने मिळवावयाचे नव्हे, वारशाने यावयाचे नव्हे, तर ईश्वराच्या स्वेच्छेने लाभावयाचे आणि मंडळीच्या उन्नतीसाठी वापरावयाचे असे जे सामर्थ्य, त्याचे हे नाव होय.

संत पौलाच्या पत्रांत अशा दानांच्या याद्या आहेत. ज्ञान, विश्वास, रोगनिवारण, संदेश, शिक्षण, सेवा, निरनिराळ्या भाषा बोलणे आणि त्यांचा अर्थ सांगणे, ह्यांचा त्यांत उल्लेख आहे. गायनाचा मात्र नाही. तरीही करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात उपासनेस येणारा एखादा आपल्याबरोबर स्तोत्र घेऊन येतो, असे पौल गृहीत धरतो, आणि त्या स्तोत्राला तो भाषेच्या व संदेशाच्या दानांच्या पंक्तीस बसवितो. गायन हे कृपादान होय की नव्हे, हा प्रश्न अशा रीतीने मूळ ग्रंथातच अर्धवट मोकळा राहिला आहे.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला एक निराळेच वळण लागले. येथे ख्रिस्ती धर्म आला तेव्हा गाणे-वाजविणे ही कोणाच्याही मालकीची नसलेली कला नव्हती. कोणी कोणते वाद्य वाजवावयाचे, कोठे उभे राहून वाजवावयाचे आणि त्याबद्दल काय घ्यावयाचे, हे गावगाड्याने ठरवून दिले होते. दान आणि वतन ह्या दोन कल्पनांची गाठ ह्या भूमीत कशी पडली, ह्याचा शोध बारामती आणि इंदापूर ह्या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या संदर्भात घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम ख्रिस्ती परंपरेतील संगीतविषयक मतांचा थोडक्यात परामर्श घेणे अवश्य आहे. जुन्या करारातील पहिल्या इतिहासग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात मंदिरातील गायकांची व्यवस्था दिलेली आहे. आसाफ, हेमान व यदूथून ह्यांच्या घराण्यांतील तरबेज गायकांची संख्या तेथे २८८ अशी नोंदलेली असून, वीणा, सारंगी व झांजा घेऊन त्यांनी जे केले त्याला संदेश देणे म्हटले आहे. येथे गायन ईश्वरप्रेरित आहे आणि त्याच वेळी ते घराण्यांकडे वंशपरंपरेने सोपविलेलेही आहे. महाराष्ट्रातील वाचकाला ह्या व्यवस्थेत वतनाची ओळखीची छाया दिसल्यावाचून राहणार नाही. नव्या करारात ही घराणी दिसत नाहीत. इफिस व कलस्सै येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत सर्वच विश्वासूंनी गावे, असा उपदेश आहे. वंशाकडून मंडळीकडे झालेले हे स्थलांतर पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या दोन पत्रांत गायनाचे तीन प्रकार आले आहेत. ग्रीकमधील ‘साल्मोस’, ‘हिम्नोस’ आणि आध्यात्मिक ‘ओडे’ ह्यांना मराठी भाषांतरात अनुक्रमे स्तोत्र, गीत आणि आध्यात्मिक प्रबंध असे शब्द आले. ह्यांतील ‘प्रबंध’ हा शब्द चिंतनीय आहे. आज तो विद्यापीठीय लेखनाचा वाचक झाला असला, तरी देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात एक संपूर्ण अध्याय ‘प्रबंध’ ह्या गेय रचनेला वाहिलेला आहे. उद्ग्राह, मेलापक, ध्रुव व आभोग हे त्याचे अवयव. त्यांतील ‘ध्रुव’ आजही आपल्या पदांच्या धृपदात जिवंत आहे. भाषांतराच्या ह्या एका शब्दाने ख्रिस्ती उपासनेतील गाणे ह्या भूमीच्या संगीतशास्त्राशी जोडले गेले.

युरोपात मात्र गाण्याविषयी दीर्घकाळ शंका होती. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात, शब्दांच्या अर्थापेक्षा स्वरांनीच मन हलले तर ते आपले पाप समजावे, अशा आशयाची व्यथा मांडली आहे. मार्टिन लूथरने (१४८३–१५४६) संगीताला ईश्वराची देणगी मानून धर्मशास्त्राच्या खालोखाल स्थान दिले. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात १५६२ साली पूर्ण झालेल्या स्तोत्रसंहितेवर भर राहिला आणि उपासनेतून वाद्ये दूर झाली. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत ही शिस्त शतकानुशतके टिकली. मुंबईत व पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी ह्याच संस्कारात वाढले होते. तात्पर्य, पश्चिमेकडून महाराष्ट्रात आलेल्या धर्मप्रसारकांचे गाण्याविषयी एकमत नव्हते.

३

आता प्रस्तुत प्रदेशाकडे वळू. नीरा आणि भीमा ह्या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या ह्या अवर्षणप्रवण पट्ट्यात गायनाच्या तीन निरनिराळ्या परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या.

पहिली परंपरा पंडितांची. मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. परंतु त्यांचे आयुष्य गेले बारामतीत, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने, आणि १७९४ साली त्यांचा अंतही तेथेच झाला. ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात असली तरी मोरोपंत म्हटले की आर्या आठवते. शास्त्रदृष्ट्या त्यांच्या बहुतेक आर्या गीती ह्या प्रकारच्या आहेत : विषम चरणी बारा मात्रा, सम चरणी अठरा. ही रचना वाचनासाठी जितकी, तितकीच कीर्तनकाराच्या मुखातून ऐकण्यासाठी होती. येथे काव्यशक्ती ईश्वराचा प्रसाद मानली जाई. मात्र तो प्रसाद पुराण-कीर्तनाचा अधिकार असलेल्याच्याच पदरी पडे.

दुसरी परंपरा वारीची. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केलेला पालखी सोहळा देहूहून पंढरीस जाताना बारामती, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर ह्या वाटेने जातो. दरवर्षी आषाढीपूर्वी काही दिवस हा सारा मुलूख टाळ-मृदंगाने भरून जातो. अभंगाला पांडित्याचे बंधन नाही. मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मापात निरक्षराचाही कंठ सहज बसतो. तथापि ह्या समतेलाही सीमा होती. चोखोबांची समाधी महाद्वाराशी राहिली, आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली. तोवर गाणे मंदिराच्या दारापर्यंत जाई आणि गाणारा तेथेच थांबे.

तिसरी परंपरा गावकीची. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेपद्धतीत प्रत्येक जातीकडे ठरलेले काम होते. दोर वळणे, केरसुण्या करणे ह्यांबरोबर लग्नकार्यात व जत्रेत हलगी-सनई वाजविणे हे मांगांच्या वाट्याला आले होते. ह्या वादकाचे कौशल्य सर्वमान्य होते. मंगलकार्य त्याच्यावाचून अडे. परंतु ज्या मांडवासाठी तो वाजवी त्या मांडवात त्याला स्थान नसे, आणि ‘आज वाजविणार नाही’ असे म्हणण्याची मुभाही नसे. हे कौशल्य त्याच्या मालकीचे असूनही त्याच्या स्वाधीन नव्हते.

ह्या संदर्भात ‘दान’ ह्या शब्दाचा लौकिक अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. ग्रहण सुटताना मांगांनी दान मागत फिरावयाचे, असा रिवाज होता. ते दान देणाऱ्याचे अशुभ घेणाऱ्याकडे जाते, ही त्यामागील समजूत. ज्या समाजाने ‘दान’ हा शब्द ह्या अर्थाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला, त्याच्या कानावर ‘कृपादान’ हा शब्द पडला तेव्हा त्याचा अर्थ शब्दकोशातून लागणे शक्य नव्हते. तो आचारातूनच लागावयाचा होता. प्रस्तुत प्रश्नाचे मर्म येथे आहे.

४

ख्रिस्ती मराठी गायनाचा प्रारंभ ह्या प्रदेशापासून दूर, गोमंतकात झाला. १५७९ साली तेथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेज्युइटाने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये वाचला व गायिला जाई. आपली पूर्वीची पुराणे सुटली, त्यांच्या जागी गावयास-ऐकावयास काही तरी हवे, ही नवख्रिस्ती लोकांची मागणी त्याच्यामागे होती. पुढे मात्र सत्तेचे धोरण पालटले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या हुकुमाने लग्नसमारंभांत देशी ओव्या गाण्यास बंदी घातली. ज्याला एका धर्मोपदेशकाने उपासनेचे साधन केले, तेच दुसऱ्यांनी दंडनीय ठरविले.

देशावरील प्रॉटेस्टंट परंपरेचे केंद्र अहमदनगर होते. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत व १८३१ साली नगर येथे काम सुरू केले. आरंभीची उपासनागीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती मूळ चालींवर म्हटली जात. ह्या पद्धतीत एक भाषिक अडचण होती आणि तिचे स्वरूप स्पष्ट करणे येथे उचित होईल.

इंग्रजी पद्यरचना आघातावर उभी आहे. आघातयुक्त व आघातरहित अवयव आळीपाळीने येतात आणि चालीतील जोरकस स्वर आघातयुक्त अवयवावर पडतो. मराठीत असा अर्थभेदक आघात नाही. मराठी वृत्ते एक तर लघु-गुरूंच्या क्रमावर, नाही तर मात्रांच्या संख्येवर, नाही तर ओवी-अभंगाप्रमाणे अक्षरसंख्येवर चालतात. इंग्रजी चालीत मराठी शब्द भरले की जोर कधी विभक्तिप्रत्ययावर, कधी शब्दाच्या अंत्य ऱ्हस्व स्वरावर जाऊन पडतो आणि वाक्याचा अर्थ कानाला तुटक लागतो. दुसरी अडचण अंत्य अकाराची. बोलण्यात ‘देव’, ‘घर’ ह्या शब्दांतील शेवटचा ‘अ’ लोप पावतो. अभंग गाताना तो पुन्हा उच्चारला जातो आणि अक्षरगणनेत धरला जातो. दर स्वराला एक अवयव ह्या न्यायाने चालणाऱ्या परकीय चालीत तो धरावा की सोडावा, हे गाणाऱ्याला उमगत नाही. परिणामी शिकलेला मनुष्य पुस्तक हाती धरून कसेबसे गाई, आणि निरक्षर मनुष्य गप्प बसे. प्रत्येकाने स्तोत्र घेऊन यावे, ही पौलाची अपेक्षा अशा उपासनेत पुरी होणे कठीण होते.

१८६० नंतरच्या दशकात नगरच्या मंडळीत ह्यावर उपाय निघाला. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) ह्यांनी देशी चालींवर गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. पूर्वरंग, उत्तररंग, मधून मधून साकी, दिंडी, आर्या, अभंग अशी कीर्तनाची घडण कायम ठेवून आख्यान मात्र बायबलमधील घेतले गेले. मोरोपंतांच्या बारामतीत जी आर्या पुराणकथेला वाहिलेली होती, ती आता ह्या नव्या कथेलाही उपयोगी पडू लागली.

ह्या प्रयत्नाला पूर्णत्व दिले ते नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या वाटेने, हे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ ह्या संग्रहात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत. १९०९ मध्ये आरंभिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये ते प्रकाशित झाले. लक्ष्मीबाईंना लग्नापूर्वी शालेय शिक्षण मिळालेले नव्हते, ही गोष्ट कृपादानाच्या विचारात नगण्य नाही.

टिळकांच्या रचनेचा परिणाम केवळ वाङ्मयीन नव्हता. अभंग स्वीकारल्याने गाण्यासाठी पुस्तकाची गरज उरली नाही. एकाने चरण सांगावा, सर्वांनी उचलावा, ही वारीची रीत मंडळीत आली आणि ज्याला वाचता येत नव्हते तोही उपासनेत केवळ श्रोता न राहता गायक झाला.

५

बारामती परिसराच्या शेजारी, आजच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) मुक्तिसदन १८९०–१९०० ह्या दशकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या वर्षांत वाढीस लागले. रमाबाईंचे बालपण आईवडिलांबरोबर गावोगाव पुराण सांगत फिरण्यात गेले होते. कंठ हे उपजीविकेचे व धर्माचे साधन असते, हे त्यांनी लहानपणीच अनुभविले होते. जून १९०५ मध्ये मुक्तिसदनात धर्मजागृतीची जी लाट आली, तिच्यात मुली व स्त्रिया तासन्‌तास प्रार्थना करीत, रडत, गात. पुढील एक-दोन वर्षांत तेथून अपरिचित भाषा बोलण्याचीही वृत्ते बाहेर आली. पौलाच्या यादीतील दाने येथे प्रत्यक्ष अवतरली, असे अनेकांनी मानले. काहींनी हा भावनांचा अतिरेक समजून नापसंती दर्शविली. ह्या वादात न शिरताही एक गोष्ट नमूद करता येते. ज्यांना घरादाराने टाकले होते, त्या विधवा आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुली येथे कोणाचीही परवानगी न घेता सामुदायिक उपासनेत मोठ्याने गात होत्या, आणि त्यांच्यातील काही जणी तुकड्या करून आसपासच्या खेड्यांत उपदेशासाठी जात होत्या.

बारामतीतील मिशनकार्य ह्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ ह्या पंथाने सुरू केले. ह्या पंथाचा उगम ज्या चळवळीत झाला, तिच्या अमेरिकेतील शाखेत उपासनेत वाद्य असावे की नसावे ह्यावरून तीव्र मतभेद होता. तेथील १९०६ च्या धार्मिक जनगणनेत वाद्य न वापरणाऱ्या मंडळ्या स्वतंत्र नोंदल्या गेल्या, ही फूट इतर काही कारणांबरोबर ह्या प्रश्नाचीही द्योतक होती.

ह्या मिशनकडे बारामती येथील तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीची व्यवस्था होती. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. वसाहतीत राहणाऱ्यांवर हजेरीचे बंधन असे आणि परवान्यावाचून बाहेर जाता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. मिशनने अशा वसाहतीत शाळा, उद्योग व प्रार्थना ह्यांची जोड दिली, ही गोष्ट त्याच्या बाजूची. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक कठीण प्रश्न येथे उभा राहतो. जेथे दिवस हजेरीने बांधलेला आहे, तेथील प्रार्थनागीत हे दान म्हणावे की आणखी एक हजेरी? दान घेणाऱ्याला नाकारण्याची मोकळीक असावी लागते. ती नसेल तर दानाचे रूपांतर पुन्हा वेठीत होते. गावकीने वादकाला जे नाकारले होते, तेच, म्हणजे ‘न गाण्याचे’ स्वातंत्र्य, वसाहतीच्या कायद्यानेही नाकारले होते. कृपेचा संदेश आणि कायद्याचा चाबूक एकाच हाती असणे ही त्या काळाची विसंगती होती, आणि गायनाच्या इतिहासात तिची नोंद झालीच पाहिजे.

६

अखेरचा प्रश्न वाद्यांचा. मराठी मंडळ्यांनी उपासनेत जी देशी वाद्ये आपलीशी केली, ती टाळ, मृदंग, एकतारी, तबला व पेटी ही होत. पेटी मुळात युरोपीय असली तरी कीर्तन-नाटकांतून ती तोवर देशी झाली होती. ही वाद्ये मुख्यतः वारीच्या आणि कीर्तनाच्या परंपरेतील आहेत. गावकीच्या परंपरेतील हलगीला मात्र उपासनेत तशी प्रतिष्ठा लाभली नाही. मृदंगाला चामडे आहे आणि हलगीलाही आहे. भेद वाद्याच्या घडणीत नव्हता, त्याला चिकटलेल्या आठवणीत होता. तमिळ प्रदेशात पराई ह्या वाद्याच्या बाबतीत असेच घडले : ते वाद्य अवमानाची खूण म्हणून पुष्कळ ख्रिस्ती दलितांनी दूर ठेवले आणि पुढील पिढ्यांनी तेच अभिमानाने परत हाती घेतले. महाराष्ट्रातही गावकीची कामे सोडणे हा डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा आवश्यक भाग होता, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. म्हणून हलगी खाली ठेवणाऱ्याला कलेचा शत्रू म्हणणे अन्यायाचे होईल. सक्तीने वाजविलेले वाद्य स्वेच्छेने खाली ठेवणे, हीच कित्येकांच्या दृष्टीने मुक्तीची पहिली खूण होती.

ह्या सर्व विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा. संगीत हे कृपादान आहे, हा सिद्धांत मिशनरी ग्रंथांतून आयता आला नाही; त्या ग्रंथांतच त्याविषयी एकवाक्यता नव्हती. ह्या भूमीत गायनाचे तीन संबंध आधीपासून होते : अधिकाराने मिळालेले, भक्तीने मोकळे झालेले आणि जातीने लादलेले. ख्रिस्ती मंडळीने पहिल्यातून आर्या व कीर्तन घेतले, दुसऱ्यातून अभंग व समूहगान घेतले. ह्या दोन घेण्यांमुळे तिचे गाणे मराठी झाले. परंतु कृपादान ह्या शब्दाची खरी कसोटी तिसऱ्या संबंधात होती. जो कंठ आणि जे हात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मांडवासाठी राबले, ते मांडवाच्या आत येऊन स्वतःच्या इच्छेने गातील तेव्हाच वतनाचे कृपादान होईल. जेथे निरक्षर मनुष्य, टाकलेली स्त्री आणि गावकुसाबाहेरचा वादक मंडळीत गाऊ लागला, तेथे तो शब्द सार्थ झाला. जेथे सक्ती शिल्लक राहिली, तेथे तो केवळ भाषांतरकाराचा एक सुबक समास राहिला.

आषाढात आजही पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते, आणि रविवारी मराठी मंडळ्यांत टिळकांचे अभंग गायिले जातात. दोन्ही ठिकाणी अक्षरांचे माप तेच आहे. ह्या दोन गायनांचा परस्परसंबंध आणि गावकीच्या वाद्यांचे त्यांतील स्थान ह्यांचा गावनिहाय अभ्यास झाल्यास मराठीच्या सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण उजेडात येईल.